लोणारचे विवर आणि सुगिनामीच्या गृहिणी

अण्वस्त्रांना विरोध करणे हा हळव्या मनाच्या माणसांचा छंद आहे, असे मानणाऱ्या पंडितांची या देशात कधीच वाण पडलेली नाही. त्यांच्या मते जपानी जनता बाँबचा धिक्कार करते ती मार खाल्ल्यामुळे. भारताने तसा मार खाल्लेला नाही, तेव्हा भारताला असल्या धिक्काराची चैन परवडणारी नाही. २०२४ साली निहोन हिदानक्यो या अणुबाँबपीडितांच्या संघटनेला नोबेल शांतता पारितोषिक मिळाले तेव्हाही या मंडळींनी ‘बिचारे म्हातारे’ असा एक सुस्कारा टाकला आणि वर्तमानपत्राचे पान उलटले. या सुस्काऱ्यात सहानुभूती थोडी आणि अज्ञान फार. जपानमधील अण्वस्त्रविरोधी चळवळ हिरोशिमाच्या राखेतून आपोआप उगवलेली नाही. हिरोशिमानंतर तब्बल नऊ वर्षांनी ती उभी राहिली, ती मासळीबाजारात आणि स्वयंपाकघरात उभी राहिली. आणि पुढे तिची जी वाताहत झाली तीही दुःखाच्या ओझ्याने नव्हे, राजकारणाने झाली. त्या राजकारणात डाव्यांचा वाटा लहान नाही. म्हणूनच तो इतिहास महाराष्ट्रातील समाजवाद्यांनी डोळे पुसत वाचण्याऐवजी डोळे उघडून वाचला पाहिजे.

हायड्रोजन बाँब म्हणजे काय, हे पाहण्यासाठी महाराष्ट्रातील माणसाला जपानला जाण्याचे कारण नाही. त्याने बुलढाणा जिल्ह्यातील लोणारला जावे आणि विवराच्या काठावर उभे राहावे. समोर जो प्रचंड वाडगा दिसतो त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे, आणि काठापासून तळापर्यंतची उतरण सुमारे १५० मीटरची. दख्खनच्या काळ्या कातळात आकाशातून आलेल्या एका पाषाणाने हा खड्डा पाडला. केव्हा, याबद्दल शास्त्रज्ञांत एकमत नाही. कोणी पन्नास हजार वर्षे म्हणतात, नंतरच्या मोजमापांनी तो काळ साडेपाच लाख वर्षांपर्यंत मागे नेला आहे. आता दुसरा आकडा पाहावा. १ मार्च १९५४ रोजी पॅसिफिक महासागरातील बिकिनी प्रवाळबेटावर अमेरिकेने ‘ब्राव्हो’ नावाच्या हायड्रोजन बाँबची चाचणी घेतली. तिने प्रवाळाच्या खडकात पाडलेले विवर सुमारे दोन किलोमीटर रुंद आणि पाऊणशे मीटर खोल आहे. खोली सोडली तर लोणारइतकेच, किंबहुना रुंदीला किंचित जास्तच. लोणारच्या खड्ड्याला अंतराळातून आलेला पाषाण लागला. बिकिनीच्या खड्ड्याला एका सरकारचा हुकूम पुरला. हिरोशिमावर पडलेल्या बाँबची शक्ती सुमारे १५ किलोटन होती, ब्राव्होची १५ मेगाटन. म्हणजे एका बाँबमध्ये एक हजार हिरोशिमा.

ही तुलना कोणाला ओढूनताणून आणलेली वाटेल, तर त्याने विवरांच्या शास्त्राचा इतिहास चाळावा. लोणार ज्वालामुखीने झाले की आघाताने, हा वाद दीर्घकाळ चालला होता. १९७३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधाने आघाताच्या बाजूने भक्कम पुरावा दिला. आघाताची खूण खडकात कशी ओळखावी, याचे ज्ञान जगाला कोठून मिळाले? त्याचा बराच भाग नेव्हाडाच्या वाळवंटातून मिळाला. तेथील अणुचाचण्यांनी पाडलेल्या खड्ड्यांशी ॲरिझोनातील उल्काविवर ताडून पाहूनच यूजीन शूमेकर या भूशास्त्रज्ञाने आपले निष्कर्ष काढले होते. बाँबने शास्त्रज्ञाच्या हाती मोजपट्टी दिली, मग शास्त्रज्ञाने त्या पट्टीने आकाशातील दगड मोजले. इतकेच नव्हे, बाँबने तळीही करून पाहिली आहेत. १५ जानेवारी १९६५ रोजी सोव्हिएत संघाने कझाकस्तानात चागान येथे १४० किलोटनांचा स्फोट घडवून सुमारे ४०० मीटर रुंदीचा खड्डा पाडला आणि त्यात नदीचे पाणी सोडले. त्या कृत्रिम लोणाराला ‘शांततामय’ असे विशेषण लावण्यात आले होते. त्याचे काठ आजही किरणोत्सर्गी आहेत. शांततेच्या नावाने खड्डा पाडण्याची ही कल्पना भारतालाही नवखी नाही; तिच्याकडे पुढे यायचेच आहे.

ब्राव्होच्या वेळी बिकिनीपासून सुमारे १६० किलोमीटर अंतरावर, अमेरिकेने जाहीर केलेल्या धोक्याच्या क्षेत्राच्या बाहेर, याइझु बंदराची एक ट्यूना पकडणारी बोट होती. नाव ‘दाइगो फुकुर्यू मारू’, म्हणजे ‘पाचवा भाग्यवान ड्रॅगन’. नियतीचा विनोद असा कधीकधी नावातच दडलेला असतो. पहाटे पश्चिमेला सूर्य उगवल्यासारखा उजेड झाला आणि काही तासांनी डेकवर पांढरी राख पडू लागली. ते प्रवाळाचे जळालेले, किरणोत्सर्गाने भरलेले चूर्ण होते. २३ खलाशी त्या राखेत जाळी ओढत राहिले. १४ मार्चला बोट बंदराला लागली तेव्हा त्यांची कातडी भाजलेली होती आणि केस गळत होते. अमेरिकेच्या अणुशक्ती आयोगाच्या अध्यक्षांनी बोट धोक्याच्या क्षेत्रातच शिरली असावी असे सुचवून हात झटकले. २३ सप्टेंबर १९५४ रोजी बोटीवरील बिनतारी यंत्रचालक आइकिची कुबोयामा मरण पावला. पुढे जानेवारी १९५५ मध्ये अमेरिकेने २० लाख डॉलर दिले, तेही ‘कायदेशीर जबाबदारी न स्वीकारता’. भोपाळनंतर भारतीय वाचकाला या भाषेचा अर्थ समजावून सांगण्याची गरज उरलेली नाही. त्याच राखेखाली रोंगेलाप बेटावरील मार्शलवासीही सापडले होते. त्यांना हलवण्यास दोन दिवस लागले, १९५७ साली त्यांना बेट सुरक्षित असल्याचे सांगून परत नेण्यात आले आणि १९८५ साली त्यांनी स्वतःहून ते बेट सोडले. त्यांच्यासाठी कोठल्याही राजधानीत मोर्चा निघाला नाही.

जपानमध्ये मात्र निघाला, आणि तो प्रथम मासळीच्या पाटीवरून निघाला. वर्ष संपेपर्यंत आठशेंहून अधिक बोटींची मासळी किरणोत्सर्गी ठरून फेकून द्यावी लागली. मासे कोणी घेईना. मासेविक्रेत्यांचे धंदे बसले. टोकियोतील सुगिनामी विभागात एप्रिल महिन्यात सार्वजनिक सभागृहात स्त्रियांची एक सभा चालू असता एका मासेविक्रेत्याची पत्नी उठून उभी राहिली आणि आमच्यासाठी काहीतरी करा, असे म्हणाली. त्या सभागृहाचे संचालक काओरु यासुई हे आंतरराष्ट्रीय कायद्याचे प्राध्यापक होते; युद्धोत्तर शुद्धीकरणात विद्यापीठातून बाहेर पडावे लागलेले. त्यांच्याभोवती गृहिणींचे एक वाचनमंडळ जमत असे. मे महिन्यात सुगिनामीत समिती स्थापन झाली आणि घरोघर सह्यांचे कागद फिरू लागले. सुमारे ३ लाख ९० हजार वस्तीच्या त्या विभागात काही आठवड्यांत अडीच लाखांहून अधिक सह्या झाल्या. ऑगस्ट १९५५ पर्यंत साऱ्या जपानमधील सह्यांची संख्या तीन कोटींच्या वर गेली. तेव्हा जपानची लोकसंख्या होती नऊ कोटींच्या आसपास. दर तीन माणसांत एकाची सही; आणि हे सारे दूरदर्शन नाही, पैसा नाही, पक्षाची यंत्रणा नाही अशा अवस्थेत. पाठीवर मूल बांधलेली बाई शेजारणीच्या दारात उभी राहून सही मागत होती, एवढीच त्या चळवळीची यंत्रणा.

यात एक गोष्ट हेतुपुरस्सर केलेली होती, आणि तिचे महत्त्व पुढच्या पिढीच्या शहाण्यांना कळले नाही. चार वर्षांपूर्वी, १९५० साली, स्टॉकहोम आवाहनावर जपानमध्ये साठ लाखांवर सह्या झाल्या होत्या. पण ते आवाहन एका गोटाचे आहे, अशी जाणीव सर्वत्र होती आणि व्याप्त देशात त्यावर सही करणे म्हणजे स्वतःला एका यादीत नोंदवून घेणे होते. सुगिनामीच्या बायकांनी आपल्या निवेदनात अमेरिकेचे नावही घेतले नाही आणि सोव्हिएत संघाची आरतीही केली नाही. बाँब कोणाचा, हा प्रश्नच त्यांनी गौण ठरवला. पुस्तकी क्रांतिकारकांना यात वर्गजाणिवेचा अभाव दिसला. वस्तुतः मासळीवर जिचे पोट आहे तिच्याइतकी वर्गजाणीव दुसऱ्या कोणाला असणार? राख टाकणाऱ्याने कोणता ध्वज लावला आहे हे पाहून ट्यूना मासा विषारी होत नाही, हे तिला कोणत्याही पोथीशिवाय माहीत होते.

हिरोशिमा आणि नागासाकीच्या पीडितांना तर बोलण्याची मुभाच नव्हती. सप्टेंबर १९४५ मध्ये व्यापक सैन्याने वृत्तपत्रांवर जे निर्बंध घातले त्यांत बाँबच्या परिणामांवरील लेखन गाडले गेले. १९४५ अखेर हिरोशिमात सुमारे १ लाख ४० हजार आणि नागासाकीत सत्तर हजारांवर माणसे मेली; पण त्यांची छायाचित्रे सर्वसामान्य जपानी वाचकाने मोठ्या प्रमाणावर पाहिली ती व्याप्ती संपल्यानंतर, १९५२ च्या ऑगस्टमध्ये. अमेरिकेने हिरोशिमात एक आयोग बसवला होता. तो पीडितांना गाडीतून नेई, कपडे उतरवून तपासी, रक्त काढी आणि उपचार न करता घरी सोडी. शास्त्रीय कुतूहल माणसाला किती निर्दय बनवू शकते, याचे यापेक्षा सभ्य उदाहरण सापडणे कठीण. मुलीचे लग्न मोडेल, नोकरी जाईल, या भयाने पीडित स्वतःही मूक राहिले. त्यांना वाचा फोडली ती सुगिनामीच्या सह्यांनी. ६ ऑगस्ट १९५५ रोजी हिरोशिमात पहिली जागतिक परिषद भरली. व्यासपीठावर पीडित प्रथमच हजारोंपुढे उभे राहून बोलले. सप्टेंबरात गेन्सुइक्यो ही राष्ट्रीय समिती स्थापन झाली. आणि १० ऑगस्ट १९५६ रोजी नागासाकीत पीडितांची स्वतःची संघटना, निहोन हिदानक्यो, जन्माला आली.

या तारखेजवळच आणखी एक तारीख आहे, ती महाराष्ट्राची. ४ ऑगस्ट १९५६ रोजी, म्हणजे हिदानक्योच्या स्थापनेच्या अवघे सहा दिवस आधी, तुर्भे येथे ‘अप्सरा’ ही अणुभट्टी सुरू झाली. चार वर्षांनी तेथेच ‘सायरस’ उभी राहिली, आणि १९७४ साली पोखरणला जे फुटले त्यातील प्लुटोनियम सायरसमधून आलेले होते. राजस्थानची वाळू हादरली, पण तिला हादरवणारे द्रव्य मुंबईच्या खाडीकाठी तयार झाले होते. तेव्हा बाँबचा प्रश्न हा दिल्लीचा किंवा जैसलमेरचा प्रश्न आहे, असे महाराष्ट्राला म्हणता येणार नाही.

जपानी चळवळीशी विदर्भाचे एक जुने नातेही आहे, ते फार थोड्यांना ठाऊक असते. ऑक्टोबर १९३३ मध्ये निचिदात्सु फुजी हे जपानी बौद्ध भिक्षू वर्ध्याला गांधीजींना भेटले. त्यांच्या हातातील डफासारखे वाद्य आणि त्यावरील मंत्रघोष पुढे सेवाग्रामच्या प्रार्थनेत कायमचा मिसळून गेला. फुजींच्या पंथाचा एक भिक्षू आश्रमात राहत होता. युद्ध सुरू झाल्यावर इंग्रज सरकारने त्याला नेले. १९४२ च्या जुलैत ‘हरिजन’मध्ये जपानी जनतेला लिहिलेल्या खुल्या पत्रात गांधीजींनी त्याची आठवण काढली, आणि त्याच पत्रात चीनवरील जपानच्या आक्रमणाबद्दल त्या देशाला खडसावण्यासही ते कचरले नाहीत. मित्राच्या अपराधावर पांघरूण न घालता मैत्री करावी कशी, याचा तो नमुना होय. युद्धानंतर फुजी आणि त्यांचे शिष्य अण्वस्त्रविरोधी लढ्यात उतरले. त्यांच्याच पंथातील निशिमोतो नावाचा भिक्षू जून १९५८ मध्ये हिरोशिमाहून पायी निघाला आणि सुमारे एक हजार किलोमीटर चालत ऑगस्टमध्ये टोकियोला पोहोचला. निघताना सोबत मोजकी माणसे होती. वाटेत गावोगाव लोक जोडले गेले. जपानमध्ये आजही दर उन्हाळ्यात ज्या शांतीयात्रा निघतात त्यांचा उगम तेथे आहे. वर्ध्याहून जपानला गेलेला डफ असा हिरोशिमाच्या रस्त्यावर वाजला.

आता ज्या भागाबद्दल डाव्या लेखकांची लेखणी सहसा अडखळते तो भाग. १९६१ च्या ऑगस्टमध्ये जागतिक परिषदेने असा पवित्रा घेतला की, चाचण्या स्थगित असताना जे सरकार त्या प्रथम सुरू करील ते मानवतेचे शत्रू समजावे. महिना संपायच्या आत चाचण्या पुन्हा सुरू करण्याची घोषणा झाली, ती मॉस्कोहून. ३० ऑक्टोबरला सोव्हिएत संघाने पन्नास मेगाटनांचा, जगातील आजवरचा सर्वांत मोठा, स्फोट केला. ठरावाची शाई वाळली नव्हती. आणि जपानी कम्युनिस्टांना एकाएकी असा शोध लागला की समाजवादी बाँब हा संरक्षक असतो, भांडवली बाँब तेवढा आक्रमक! उजव्या समाजवाद्यांनी त्याच वर्षी वेगळी चूल मांडली. १९६३ साली मर्यादित चाचणीबंदी करारावर सह्या झाल्या; ‘कोणत्याही देशाच्या चाचण्यांना विरोध’ हे शब्द ठरावात असावेत की नसावेत यावर हिरोशिमाची परिषद फुटली. तोवर जपानी कम्युनिस्ट पेकिंगच्या बाजूला झुकले होते, तेव्हा त्यांना तो करारही नको होता. पुढच्या वर्षी १६ ऑक्टोबरला चीनने आपला बाँब फोडला. १९६५ साली समाजवादी पक्ष आणि त्याच्या कामगार संघटना यांनी गेन्सुइकिन ही स्वतंत्र संघटना स्थापन केली. हिरोशिमात पीडितांच्या संघटनेचीही दोन शकले झाली. एकाच नावाच्या दोन संघटना, एकाच शहरात, एकाच दुःखाच्या! १९७७ नंतर काही वर्षे संयुक्त परिषदा भरल्या, पण १९८०च्या दशकाच्या मध्यास तेही संपले.

या फुटीत तत्त्वाची बाजू समाजवाद्यांची होती, यात शंका नाही. ‘कोणत्याही देशाचा’ हे दोन शब्द म्हणजेच सारी चळवळ होती. ते काढले की उरतो तो परराष्ट्र खात्याचा प्रचार. परंतु बाजू बरोबर असणे आणि वागणे बरोबर असणे यांत अंतर असते. ज्या बायकांनी तीन कोटी सह्या गोळा केल्या होत्या त्यांना कोणी विचारले नाही. त्या निमूटपणे घरी गेल्या. १९५४ ची चळवळ त्यांची होती, १९६५ मध्ये ती पक्षकार्यालयांची झाली; आणि पक्षकार्यालयातून चालणारी चळवळ पक्षाची प्रकृती बिघडली की आजारी पडते. जपानी समाजवादी पक्ष १९९६ साली नाव बदलून विझत गेला. हिदानक्यो उरली, कारण राष्ट्रीय पातळीवर तिने कोणत्याही गटाच्या दावणीला स्वतःला बांधून घेण्याचे नाकारले.

एका माणसाचा उल्लेख येथे केलाच पाहिजे. इचिरो मोरिताकी हे हिरोशिमा विद्यापीठात नीतिशास्त्राचे प्राध्यापक. बाँबने त्यांचा उजवा डोळा गेला. १९६२ साली अमेरिकेच्या चाचण्यांच्या निषेधार्थ ते हिरोशिमाच्या स्मारकासमोर बारा दिवस बसून राहिले. असे बसून बाँब थांबतो का, असा प्रश्न तेथून जाणाऱ्या एका लहान मुलीने केला. प्राध्यापक त्यावर विचार करीत राहिले, आणि अणूंच्या साखळीप्रक्रियेवर माणसांच्या मनांच्या साखळीप्रक्रियेनेच मात करावी लागेल, या निष्कर्षाला आले. पुढे देश कोणताही असो, चाचणी झाली की स्मारकासमोर पीडित बसत. अमेरिका, सोव्हिएत संघ, फ्रान्स, चीन यांत त्यांनी भेद केला नाही.

भारतात काय घडले? ब्राव्होनंतर महिनाभरात, २ एप्रिल १९५४ रोजी, चाचण्या थांबवण्याची मागणी लोकसभेतून करणारे जवाहरलाल नेहरू हे जगातील पहिले शासनप्रमुख होते. १९६२ साली चक्रवर्ती राजगोपालाचारी वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी हीच मागणी घेऊन केनेडींच्या दारी गेले. आणि १८ मे १९७४ रोजी त्याच भारताने पोखरणला ‘शांततामय’ स्फोट केला. चागानच्या तळ्याला लावलेले तेच विशेषण. ‘बुद्ध हसला’ असा निरोप दिल्लीला गेल्याची कथा अजून कौतुकाने सांगितली जाते. नागपूरच्या दीक्षाभूमीवर १९५६ साली लाखोंनी ज्या बुद्धाला शरण जाण्याची शपथ घेतली त्याचे नाव एका बाँबच्या पाळण्यावर ठेवण्यात आले, आणि विदर्भातून त्याचा जेवढ्या संतापाने निषेध व्हायला हवा होता तेवढा झाला नाही.

तो मे महिना रेल्वे कामगारांच्या संपाचाही होता, हे किती जणांच्या ध्यानात आहे? ८ मेपासून देशभरचे रेल्वे कामगार संपावर होते, हजारो तुरुंगात होते, त्यांच्या कुटुंबांना वसाहतींतील घरांतून बाहेर काढले जात होते. त्या बातम्यांवर पोखरणच्या स्फोटाने पडदा टाकला. बहुतेक विरोधी पक्षही टाळ्या वाजवणाऱ्यांत सामील झाले. संपाचे नेते जॉर्ज फर्नांडिस त्या वेळी तुरुंगात होते. मुंबईच्या गोदीतून आणि टॅक्सीच्या अड्ड्यांवरून वर आलेला हा समाजवादी नेता आयुष्यभर अण्वस्त्रांचा विरोधक म्हणून ओळखला गेला. ११ आणि १३ मे १९९८ रोजी पोखरणला पुन्हा स्फोट झाले तेव्हा भारताच्या संरक्षणमंत्रिपदी हेच फर्नांडिस होते. हिरोशिमाच्या महापौरांनी निषेध नोंदवला. भारताच्या समाजवादी परिवारात मात्र बहुतेकांनी मौन पत्करले, काहींनी स्पष्टीकरणे शोधली. जपानी कम्युनिस्टांना मॉस्कोचा बाँब जसा एकाएकी निराळा दिसू लागला, तसा भारतीय समाजवाद्यांना स्वदेशी बाँब दिसू लागला. दोषांची जात एकच. आनंद पटवर्धन यांनी ‘जंग और अमन’ या २००२ च्या चित्रपटात पोखरणजवळचे खेतोलाई आणि हिरोशिमा शेजारी शेजारी ठेवून दाखवले. तेव्हा परिनिरीक्षण मंडळाने कात्री उगारली आणि मुंबई उच्च न्यायालयात लढूनच तो प्रेक्षकांपुढे आला. जे काम पक्षांनी करायचे ते एका चित्रपटकाराने केले.

पंडित यावर एक हमखास प्रश्न टाकतात : जपान स्वतः अमेरिकेच्या अण्वस्त्रछत्राखाली बसला आहे, त्याने जगाला नीती काय शिकवावी? प्रश्न खरा आहे, पण तो चुकीच्या दारावर ठोठावला जातो. पंतप्रधान एइसाकू सातो यांनी १९६७ साली अण्वस्त्रे बाळगणार नाही, बनवणार नाही, देशात येऊ देणार नाही, अशी त्रिसूत्री जाहीर केली. १९७४ साली त्यांना नोबेल मिळाले. आणि १९६९ मध्येच त्यांनी निक्सनशी गुप्त करार करून आणीबाणीत ओकिनावात अण्वस्त्रे आणण्याची मुभा दिली होती, हे कागद २००९ साली त्यांच्या घरातून बाहेर आले. हा ढोंगीपणा सरकारचा. हिदानक्यो त्या सरकारविरुद्धच सत्तर वर्षे लढत आली आहे. १९५७ साली तिने वैद्यकीय साहाय्याचा कायदा करायला भाग पाडले, पण तिची मागणी भिकेची नव्हती, सरकारी नुकसानभरपाईची होती. युद्ध सुरू करणाऱ्या राज्याने मेलेल्यांचीही जबाबदारी घ्यावी, ही ती मागणी. १० डिसेंबर २०२४ रोजी ऑस्लोत पारितोषिक स्वीकारताना ९२ वर्षांच्या तेरुमी तानाका यांनी जपान सरकारने मृतांना भरपाई दिलेली नाही, हे वाक्य लिखित भाषण बाजूला ठेवून पुन्हा एकदा उच्चारले. सन्मानाच्या व्यासपीठावरून स्वतःच्या सरकारला असे सुनावणारा भारतीय कोण, याचा शोध पंडितांनी घ्यावा.

चळवळ निर्दोष होती, असा याचा अर्थ नाही. हिरोशिमात मेलेल्या हजारो कोरियन वेठबिगारांचे स्मारक १९७० साली शांती उद्यानाच्या बाहेर उभारावे लागले. आत यायला त्याला १९९९ उजाडले. आणि ‘शांततामय अणू’ची भूल तिलाही पडली होती. ब्राव्होच्या त्याच मार्चमध्ये जपानी संसदेत अणुशक्तीसाठी पहिली तरतूद झाली, १९५६ साली हिरोशिमाच्या शांती संग्रहालयातच अणुशक्तीचे प्रदर्शन भरले, आणि हिदानक्योच्या स्थापनेच्या जाहीरनाम्यातही या शक्तीने मानवाचे कल्याण व्हावे अशी आशा होती. मोरिताकींनी १९७५ साली माणूस आणि अणू एकत्र नांदू शकत नाहीत, असे म्हटले तेव्हा थोड्यांनी ऐकले. ११ मार्च २०११ ला फुकुशिमा झाल्यावर सर्वांना ते ऐकावे लागले. त्यानंतर जेमतेम पाच आठवड्यांनी, १८ एप्रिलला, जैतापूर प्रकल्पाला विरोध करणाऱ्या नाटे येथील मच्छीमारांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि एक जण ठार झाला. याइझुप्रमाणे येथेही प्रथम उठला तो मासळीवर जगणारा माणूस.

मे २०२५ मध्ये ७ ते १० तारखेपर्यंत दोन अण्वस्त्रधारी शेजाऱ्यांनी एकमेकांवर क्षेपणास्त्रे आणि ड्रोन सोडले. त्या चार दिवसांत दूरचित्रवाणीच्या पडद्यावर आवेशाला तोटा नव्हता, १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा मुंबईत किंवा कराचीत कसा दिसेल, हे सांगणारा मात्र विरळा. लोणारच्या दैत्यसूदन मंदिराच्या दगडांत विष्णूने लवणासुराला मारल्याची कथा आहे. प्रत्येक अण्वस्त्रधारी राष्ट्र स्वतःला त्या कथेतील विष्णू समजते आणि सीमेपलीकडे लवणासुर पाहते. पलीकडेही अगदी हीच कथा, पात्रे तेवढी उलट.

अण्वस्त्रबंदीचा आंतरराष्ट्रीय करार २०१७ साली संयुक्त राष्ट्रसंघात संमत झाला आणि २२ जानेवारी २०२१ पासून अंमलात आहे. भारताने त्यावर सही केलेली नाही, पाकिस्तानने नाही, जपाननेही नाही. जपानमधील पीडितांची संख्या आता एक लाखाच्या खाली आली आहे, सरासरी वय शहाऐंशी. त्यांच्या हयातीत भारतातून एक तरी स्पष्ट आवाज उठावा, यासाठी दिल्लीच्या मर्जीची वाट पाहण्याचे कारण नाही. १८ मार्च १९७५ रोजी कोबे शहराच्या नगरसभेने ठराव केला की, अण्वस्त्रे नाहीत असे लेखी प्रमाणपत्र दिल्याखेरीज कोणत्याही देशाच्या युद्धनौकेला बंदरात प्रवेश नाही. ठराव टोकियोच्या परराष्ट्र खात्याला रुचला नाही. पण पुढची अनेक दशके अमेरिकेच्या युद्धनौका त्या बंदराकडे फिरकल्या नाहीत. जपानच्या बहुसंख्य नगरपालिकांनी नंतर स्वतःला अण्वस्त्रमुक्त घोषित केले. जैतापूरच्या परिसरातील ग्रामसभांनीही प्रकल्पाविरुद्ध ठराव करून दाखवले आहेत. लोणारला नगर परिषद आहे आणि २०२० पासून रामसर यादीत नोंदलेले, जगाला माहीत असलेले सरोवर आहे. त्या नगर परिषदेने करारावर सही करण्याची मागणी करणारा ठराव करावा, त्यात ‘कोणत्याही देशाचा’ हे दोन शब्द न विसरता घालावेत, आणि विवराच्या काठावर पाषाणाच्या आकड्यांशेजारी एका फलकावर बिकिनीचेही आकडे लिहावेत : १ मार्च १९५४, रुंदी सुमारे दोन किलोमीटर, खोली पाऊणशे मीटर.